रोल्स वारसा, मग जीप भंगार का?

जुन्या गाड्यांचं प्रदर्शन कुठेही भरलं तरी मांडणी ठरलेली असते. पुढच्या रांगेत रोल्स-रॉइस, ब्यूक, पॅकार्ड, जुनी मर्सिडीज. त्यांच्यापुढे दोरी आणि माहितीचा फलक. जीप आलीच तर मागच्या बाजूला, मुलांना चढून बसता यावं म्हणून. नांदेड-लातूरकडे तर एवढंही होत नाही. कुणाच्या वाड्यात जुनी मोटार निघाली तर तिला आपण वारसा म्हणतो, तिची बातमी होते. पंचायत समितीच्या आवारात लिंबाखाली उभी असलेली, टायर बसलेली जीप मात्र ‘निर्लेखित’ असा शेरा घेऊन लिलावात जाते आणि वजनावर विकली जाते.

या वागण्यामागे एक पक्कं मत आहे: आलिशान मोटार ही कलाकृती आणि जीप हे अवजार, तेव्हा दोघींची तुलनाच होत नाही. हे मत मला मान्य नाही. तुलना होते, नीट होते, आणि ती आमच्या भागात उभं राहून केली तर निकाल जीपच्या बाजूने लागतो, असं माझं म्हणणं आहे.

खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष पुऱ्या ताकदीनिशी मांडायला हवा. तो असा. आलिशान मोटार ही तिच्या काळातल्या सर्वोत्तम कारागिरांची निर्मिती. लाकूड, कातडं, पितळ, हातांनी चढवलेले रंगाचे थर. इंजिन इतकं तोलाचं की चालू आहे की बंद हे कळू नये. अशा गाड्या थोड्याच झाल्या, म्हणून दुर्मीळ. त्या मूळ रूपात जपल्या गेल्या, म्हणून त्या काळाचा विश्वासू पुरावा. जीप मात्र सैन्याच्या निविदेतून जन्मली. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी सैन्याने १३५ कंपन्यांना विचारणा केली आणि पहिला नमुना ४९ दिवसांत मागितला. बॅन्टम नावाच्या छोट्या कंपनीने तो दिला, मग विलीज आणि फोर्ड यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांवर जीप काढल्या. सपाट पत्रा, उघडी बाजू, बसणाऱ्याच्या पाठीचा विचार नाही. शिवाय आपल्याकडे उरलेल्या जीपमध्ये मूळचं असं उरलंय काय? इंजिन ट्रॅक्टरच्या घराण्यातलं, गिअरबॉक्स दुसऱ्या जीपचा, बॉडी गावच्या मेस्त्रीची. अशा वस्तूला वारसा म्हटलं तर मग कशाला म्हणायचं नाही?

आक्षेप हलका नाही. त्यातला शेवटचा, मूळपणाचा मुद्दा सर्वांत जड आहे आणि त्याच्याकडे मी सावकाश येणार आहे. आधी राजाच्या गाडीकडे जाऊ.

आमच्या राजाची गाडी पाहायची तर हैदराबादला जावं लागतं. १९४८ पर्यंत नांदेड जिल्हा आणि उस्मानाबाद जिल्ह्यातलं लातूर ही निजामाची रयत होती. चौमहल्ला राजवाड्यात पिवळ्या रंगाची १९१२ सालची रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट ठेवली आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी ती मागवली गेली. १९११ मध्ये ते वारले आणि गाडी सातवे निजाम उस्मान अली खान यांच्या वाट्याला आली. मागचं आसन सिंहासनासारखं उंच, म्हणून तिला सिंहासनाची गाडीच म्हणतात. १९४७ पर्यंत ही गाडी अवघी ३५६ मैल चालली होती, असं तिच्याबद्दल सांगितलं जातं. म्हणजे पावणेसहाशे किलोमीटरच्या आत. हैदराबादहून नांदेडला एकदा जाऊन परत यायला जवळपास एवढंच अंतर पडतं. पस्तीस वर्षांत एवढं! ती एकदा नांदेडला येऊन गेली असती, तर उरलेलं सगळं आयुष्य तिला जागेवरच उभं राहावं लागलं असतं.

आता ज्या सिल्व्हर घोस्टमुळे रोल्स-रॉइसचं नाव जगभर झालं, ती कशामुळे नावाजली ते पाहा. १९०७ मध्ये त्या गाडीची विश्वासार्हतेची चाचणी झाली. ती रात्रंदिवस इंग्लंड-स्कॉटलंडच्या रस्त्यांवर पळवली गेली आणि सलग १४,३७१ मैल आपणहून न थांबता चालली. पुढे पहिल्या महायुद्धात याच चेसिसवर चिलखती गाड्या बांधल्या गेल्या आणि टी. ई. लॉरेन्सने त्या अरबस्तानच्या वाळवंटात वापरल्या. म्हणजे ज्या गाडीला आपण ऐषारामाचं शिखर मानतो, तिची कीर्ती धूळ, दगड आणि अंतर यांच्यावर उभी आहे. कातडी गाद्यांसाठी तिला कुणी जगातली सर्वोत्तम मोटार म्हटलं नव्हतं. मोडत नाही म्हणून म्हटलं होतं. हैदराबादच्या गाडीला हा कस कधी लागलाच नाही. तिची चूक नाही त्यात, पण तिच्या मोठेपणाचा दाखला तिच्या बहिणींनी मिळवलेला आहे, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

मग यंत्ररचनेचा मुद्दा. जीप म्हणजे रांगडी, मागास रचना, असं म्हणणाऱ्यांनी सिल्व्हर घोस्टच्या खाली एकदा वाकून बघावं. शिडीसारखी पोलादी चेसिस. पुढे अखंड धुरा, मागे अखंड धुरा. झटके सोसायला कमानपाटे. साइड-व्हॉल्व्ह इंजिन. हीच चारही वैशिष्ट्यं १९४१ च्या विलीज जीपमध्ये आहेत. घोस्टचं इंजिन सहा सिलिंडरचं, सात लिटरच्या वर. जीपचं चार सिलिंडरचं, २.२ लिटरचं. घोस्टमध्ये बराच काळ ब्रेक फक्त मागच्या चाकांना होते, जीपमध्ये चारही चाकांना. वंशावळ एकच आहे. एकीने त्या रचनेतून शांतपणा काढला, दुसरीने ताकद. शांतपणाला कला आणि ताकदीला अवजार म्हणायचं, हे कोणत्या न्यायाने?

उंची मोटारीचा पक्ष घेणारे इथे पुढच्या पिढीतल्या गाड्या दाखवतील. मर्सिडीजची डब्ल्यू-१२३ घ्या, १९७६ पासून दहा वर्षं निघालेली; प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होतं, खड्डा पोटापर्यंत पोचत नाही. खरं आहे. अशी गाडी नांदेड-लातूर डांबरी रस्त्यावर जे सुख देते ते जीप कधीच देणार नाही, आणि देते असं सांगणारा माणूस जीपमध्ये लांब बसलेला नाही. पण गाडी कोणत्या जमिनीवर चालवायची आहे, हा प्रश्न या तुलनेत आधी यायला हवा होता. तो कुणी विचारतच नाही.

आमची जमीन म्हणजे बेसॉल्ट झिजून झालेली काळी माती. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. तिच्यावर केलेला रस्ता दर पावसाळ्यात उठतो, दर उन्हाळ्यात खचतो. नांदेड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या पुढेमागे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. मुखेड-कंधारच्या बालाघाटी टेकड्यांत मुरूम वर येतो, किनवट-माहूरकडे जंगल आणि घाट, देगलूर-बिलोलीकडे मांजरेच्या काठची सपाट काळी रानं. गावाला जोडणारी वाट म्हणजे पाणंद: दोन्ही बाजूंना बांध, मध्ये बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, पावसात त्याच ओढा होऊन वाहणाऱ्या.

अशा वाटेवर उंची मोटारीचं काय होतं? ताकद फक्त मागच्या दोन चाकांना जाते. मधलं डिफरन्शियल, ज्याला आमचे मेस्त्री डिफ्रेशन म्हणतात, दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. त्यामुळे एक चाक चिखलात फिरू लागलं की दुसऱ्याला त्याच्याइतकाच, म्हणजे जवळपास काहीच जोर मिळत नाही. गाडी जागेवर गुरगुरते आणि खाली जाते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर लांब असल्यामुळे बांध ओलांडताना पोट टेकतं. घोस्टमध्ये हे अंतर साडेतीन मीटरच्या आसपास. जीपमध्ये ८० इंच, म्हणजे दोन मीटर. घोस्टचं वजन दोन टनांच्या घरात, जीपचं जेमतेम एक टन. जीपमध्ये तरफ ओढली की पुढची चाकंही जुंपली जातात आणि पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधला जातो. आता अडकायचं तर पुढचं एक आणि मागचं एक अशी दोन चाकं एकाच वेळी घसरावी लागतात. दुसरी तरफ लो गिअरची. ती टाकली की चाकांचा वेग दोन-अडीच पटींनी कमी होतो आणि ओढ तेवढीच वाढते. गाडी माणसाच्या चालीने, इंजिन न कोंडता, चढ चढते. टायर अरुंद असतात, ते वरचा चिखल कापून खालच्या मुरमाला जाऊन टेकतात. म्हणून रुंद टायरची नवी गाडी जिथे तरंगत घसरते तिथे जुनी जीप कधीकधी निघून जाते.

कधीकधी, हे मुद्दाम म्हणतो. भर पावसानंतर काळ्या रानात जीपही रुतते आणि तिला बैलजोडी लावून ओढावी लागते. जीप अजिंक्य होती, असा माझा दावा नाही. इथल्या जमिनीसाठी जणू मापून शिवल्यासारखी रचना दुसऱ्या कोणत्याही मोटारीत त्या काळी आम्हाला मिळाली नाही, एवढाच दावा आहे आणि तो पुरेसा आहे. माळेगावच्या यात्रेत घोडा घेणारा गिऱ्हाईक झुलीचं भरतकाम बघत नाही, खूर आणि छाती बघतो, घोडा चालवून बघतो. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण झूल पाहून किंमत करायला शिकलो.

जीप इथे कशी आली, हेही सांगितलं पाहिजे, कारण ‘परकी सैनिकी वस्तू’ हा तिच्यावरचा आणखी एक आरोप. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर १९४५ मध्ये कंपनी काढली. हे गुलाम मोहम्मद काही काळ निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे अर्थमंत्री होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. राहिलेल्या कंपनीचं नाव बदलून महिंद्र अँड महिंद्र झालं आणि १९४० च्या दशकाच्या शेवटी तिने माझगावात विलीज जीप जोडायला घेतली. सुट्या भागांपासून सुरुवात करून पुढे जीप इथेच बनू लागली. १९५३ मध्ये अमेरिकेत निघालेली उंच नाकाची सीजे-३बी तिकडे १९६८ मध्ये बंद झाली, पण तिचं कूळ महाराष्ट्रातल्या कारखान्यांतून त्यानंतरही अनेक दशकं निघत राहिलं. याच उद्योगाने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर १९६० च्या दशकात ट्रॅक्टर काढले, आणि पुढे त्या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवलं. त्याचा अर्थ लातूर-नांदेडला फार मोठा होता. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मेस्त्री जीपही दुरुस्त करू शकत होता. पिस्टन, नोझल, फिल्टर मोंढ्याजवळच्या दुकानात मिळत होते. घोस्टचा एक भाग तुटला तर डर्बीला पत्र लिहावं लागे. मग दोघींपैकी परकी कोणती?

मूळ सैनिकी असणं हा दोषच असेल, तर चिलखती घोस्टही त्यात आली. आणि १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरच्या बाजूने नळदुर्गमार्गे भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, त्या पाच दिवसांत मराठवाड्याची रयत राजेशाहीतून बाहेर आली. लष्करी वाहनांची आमच्या भागातली पहिली मोठी आठवण ही अशी आहे.

त्यानंतरची तीस-चाळीस वर्षं म्हणजे जीपचा खरा इतिहास, आणि इथे मला थोडं रेंगाळायचं आहे. २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, विकासगट आखले गेले आणि गटविकास अधिकाऱ्याच्या हाताशी जीप आली. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, तशी ती सभापतीच्याही दारात उभी राहू लागली. प्राथमिक आरोग्य केंद्राची जीप, देवी-मलेरियाच्या कामाची जीप, पाटबंधारे खात्याची जीप. शंकरराव चव्हाणांनी पाटबंधाऱ्यांचं खातं हाती घेऊन जायकवाडी आणि पुढे नांदेडचा विष्णुपुरी असे प्रकल्प उभे करण्याचा ध्यास घेतला, पण धरणाची जागा ठरते ती आधी कुणीतरी नदीकाठाने, बिनरस्त्याने, दुर्बीण आणि साखळी घेऊन फिरल्यावर. ते फिरणं जीपमधून झालं. मांजरा, तेरणा, मनार, पैनगंगा या नद्यांच्या काठांवर जी सर्वेक्षणं झाली त्यांच्या नोंदींत वाहनाचं नाव येत नाही. त्यामुळे ते विसरणं सोपं जातं.

१९७२ चा दुष्काळ घ्या. पाझर तलाव, नाला बांध, खडी फोडण्याची कामं गावोगाव निघाली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात या कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. एवढ्या माणसांची हजेरी, मोजमाप आणि आठवड्याचा पगार वेळेवर पोचला तरच चूल पेटणार होती. ओव्हरसीअर आणि मस्टर कारकून ज्या वाहनातून कामावर येत, त्याची वाट उन्हात बसलेल्या बाया पाहत असत. रोजगार हमी योजना या अनुभवातून कायद्यापर्यंत गेली, तिची कीर्ती देशभर झाली. त्या योजनेचं काही दृश्य रूप जपायचं म्हटलं तर मला टिकाव, घमेलं आणि जीप, एवढ्याच वस्तू सुचतात.

किल्लारीचंही आठवतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतरच्या त्या रात्री, ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. औसा, उमरगा भागातली ५२ गावं उद्ध्वस्त झाली, आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं बोळांत कोसळली, त्यामुळे गल्ल्याच उरल्या नाहीत. आणि वरून पाऊस लागला. जखमींना जे मिळेल त्यातून, ट्रकमधून, ट्रॅक्टरमधून, टेम्पोतून, जीपमधून लातूर, उमरगा, सोलापूरकडे नेलं गेलं. सगळं श्रेय जीपला द्यायचं नाही. ते माणसांचं आहे. पण त्या चिखलात आणि ढिगाऱ्यांत कोणती वाहनं आतपर्यंत जाऊ शकली, हा प्रश्न वारसा ठरवताना येऊ नये का?

आता उलट बाजू. ती न मांडणं अप्रामाणिकपणाचं होईल. जीप सत्तेचंही वाहन होतं. वसुलीची जीप, पोलिसांची जीप. आणीबाणीत कुटुंबनियोजनाच्या मोहिमेवरची गाडी दिसली की माणसं रानात पळत, हे त्या पिढीच्या तोंडून मराठवाड्यात अजून ऐकायला मिळतं. आणि पुढे काळी-पिवळी आली. एसटी जिथे दिवसातून एकदा जात होती, तिथे ही खासगी जीप दिवसभर जात होती. बाजारकरी, कॉलेजची पोरं, माहेरवाशिणी सगळे तिच्यात. पण दहाच्या जागी पंचवीस माणसं, टपावर आणि मागच्या पायरीवर लोंबकळणारी वेगळी. जीपचा गुरुत्वमध्य उंच, बाजू उघड्या, पट्टा नाही. वळणावर अशी लादलेली गाडी उलटते तेव्हा एकाच गावात अनेक घरी एकदम अंत्यविधी निघतात. ही माणसं जीपच्या रचनेने मारली की एसटी न पोचल्याने, हा वाद घालता येईल. मी तो घालणार नाही. दोन्ही खरं आहे. मला एवढंच म्हणायचं आहे की वारसा म्हणजे फक्त गोड आठवण, असं मानलं तर सिंहासनाची गाडीही बाद होईल. ती रयतेच्या महसुलातूनच आली होती.

आता तो जड आक्षेप: मूळपणाचा. हा आक्षेप नुसता हौशी मंडळींच्या बोलण्यात राहिलेला नाही, तो कायद्यात शिरला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. वाहन ५० वर्षांहून जुनं हवं, मूळ रूपात जपलेलं हवं, चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नंबरपट्टीवर ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला बंदी. प्रदर्शन, फेरी, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर यायचं. नियमाचा हेतू चांगला आहे. पण तो कुणाला बसतो बघा. जी गाडी झाकून ठेवली गेली, ती आत. जी कामाला लागली, ती बाहेर. आमच्या भागातल्या १९६०-७० च्या जीपचं पेट्रोल इंजिन परवडेना म्हणून ती डिझेल झाली. खुर्च्या काढून बाकं बसवली. ताडपत्रीचं हूड फाटलं म्हणून पत्र्याचं केलं. सडलेला तळ कापून नवा जोडला. या प्रत्येक बदलामागे कारण आहे: डिझेलचा भाव, प्रवाशांची संख्या, ऊन, चिखल. मराठवाड्याचा चाळीस वर्षांचा आर्थिक इतिहास त्या वेल्डिंगच्या सांध्यांत वाचता येतो. नियम त्यालाच दोष ठरवतो.

आणि मूळपणाचा हा निकष उंची मोटारींना तरी खरा लागतो का? सिल्व्हर घोस्टच्या काळात रोल्स-रॉइस कंपनी चेसिस आणि इंजिन विकत असे. वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घेई. निजामाच्या गाडीची बॉडी लंडनच्या बार्करने बांधली. अनेक घोस्टच्या बॉडी पुढे बदलल्या गेल्या. कुणी बंद गाडीची उघडी केली, कुणी उघडीची बंद. या बदलांना जाणकार ‘कोचबिल्डिंग’ म्हणून मान देतात, त्यावर ग्रंथ लिहितात. नांदेडच्या मेस्त्रीने जीपच्या चेसिसवर नवी बॉडी चढवली तर ती मोडतोड. काम तेच आहे. हात वेगळे आहेत, पेठ वेगळी आहे, गिऱ्हाईक गरीब आहे. मला या भेदामागे दुसरं काही दिसत नाही, आणि तो मला खुपतो.

दुर्मीळपणाचंही तसंच. घोस्ट सगळ्या मिळून आठ हजारांच्या आत बनल्या आणि त्यातल्या बऱ्याच जिवंत आहेत, कारण त्यांची काळजी घ्यायला धनिक आहेत. जीप लाखांनी बनली, पण जिल्ह्यातली, इथेच राबलेली, इथल्या हातांनी बदललेली जुनी जीप आता शोधावी लागते. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द करण्याचा नियम लागू झाला, त्यामुळे आवारात उभ्या असलेल्या गाड्यांचा निकाल आणखी झटपट लागतो. जे भरपूर होतं ते एका पिढीत नाहीसं होतं. गावातल्या बैलगाड्यांची लाकडी चाकं कधी गेली हे आपल्यापैकी कुणाला सांगता येईल?

जीपच्या बाजूने बोलणारेही हल्ली चुकीचं बोलतात, म्हणून त्यांच्याशीही थोडं भांडतो. रुंद टायर, छाती दडपणारा कर्णा, बंपरवर दिव्यांची रांग लावून वरातीत फिरवली जाणारी जीप म्हणजे मर्दुमकी, आणि रस्ता सोडून रानात घुसणं हा थरार. आमच्याकडे रस्ता सोडण्याची हौस कुणाला नव्हती, रस्ताच नव्हता. किनवटच्या दुर्गम केंद्रावर मतपेट्या पोचवणाऱ्या चालकाला थरार नको होता, त्याला संध्याकाळपर्यंत परत यायचं होतं. जीपचं मोठेपण या कंटाळवाण्या, रोजच्या, बिनबोभाट कामात आहे. तिला पौरुषाचं चिन्ह करणं हा तिचा इतिहास पुसण्याचाच प्रकार, आणि तो तिच्या चाहत्यांकडून होतो याचं मला जास्त वाईट वाटतं.

उरला कलेचा मुद्दा. तो तर सत्तरहून अधिक वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने मोटारींचं प्रदर्शन भरवलं. आठच गाड्या निवडल्या. १९३० ची मर्सिडीज एसएस, बेंटली, टॅल्बो, कॉर्ड, लिंकन कॉन्टिनेन्टल, सिसितालिया, एमजी, आणि आठवी जीप. निवडणारे लोक वास्तुकलेचे अभ्यासक होते, सैनिक नव्हते. मर्सिडीज आणि जीप एकाच प्रदर्शनात, एकाच मानाने उभ्या होत्या. सपाट पत्रा, उघडे बिजागर, जिथे गरज तिथे छिद्र आणि नसेल तिथे काही नाही, याला रूप आहे हे त्यांना दिसलं. आपण मात्र अजून ‘तुलनाच होत नाही’ म्हणतो.

म्हणून मागणी अगदी नेमकी आहे. व्हिंटेजच्या नियमात एक वेगळा वर्ग हवा: ज्या वाहनांत झालेले बदल त्या भागातल्या वापरातून आणि त्या काळीच झाले, आणि त्यांची नोंद नोंदणीपुस्तकात किंवा मेस्त्रीच्या सांगण्यात मिळते, अशा वाहनांना बदलांसकट मान्यता द्यावी. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत पुढचा निर्लेखनाचा लिलाव काढण्याआधी यादीतली निदान एकेक जुनी जीप बाजूला काढावी. ती रंगवून चकचकीत करू नये. दारावरचं पुसट झालेलं खात्याचं नाव तसंच ठेवावं. लॉगबुकं असतील तर तीही जपावीत. कोणत्या तारखेला कोणत्या गावी, किती किलोमीटर, कोणत्या कामासाठी, हे त्यांत चालकाच्या हस्ताक्षरात लिहिलेलं असतं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ती लॉगबुकं गावांच्या नकाशावर मांडायला दिली, तर १९६० ते १९९० या काळात सरकार मराठवाड्यातल्या कोणत्या गावापर्यंत पोचलं आणि कोणत्या गावाच्या शिवेवरून परत फिरलं, ते तारखेनिशी समोर येईल. लिलाव मात्र दरवर्षी होतात, आणि लॉगबुकं रद्दीत आधी जातात.